डान्स स्टुडिओतला बार: भिंत बंद होण्याआधी ठरवायचं काम

बॅलेच्या सरावात हाताने धरायचा बार म्हणजे भिंतीला ठोकलेली एक दांडी, असं समजून तो रंगकाम आटोपल्यावर लावायला घेतात आणि फसतात. बारची जागा ठरते ती जिप्सम बोर्ड चढायच्या आणि फ्लोर टाकायच्या आधी.

पहिलं माप लांबीचं. एका डान्सरला पाच फूट धरा. चार फुटांत लहान मुलं मावतात, मोठ्यांनी पाय उचलला की मागच्याला लागतो. म्हणजे तीस फुटांच्या भिंतीवर सहा जण. दारं आणि स्विचबोर्ड यातून वजा करा. कोपऱ्यात दोन बार भिडवू नका, दोन्हीकडून दोन-दोन फूट सोडा. तिथे कुणालाच नीट उभं राहता येत नाही.

उंची मोठ्यांसाठी 40 ते 42 इंच, मुलांसाठी 32 ते 34. दोन्ही वयाचे वर्ग असतील तर दुहेरी बारच घ्या. माप नेहमी तयार फ्लोरवरून, वरच्या विनाइलसकट. स्लॅबवरून 42 इंचांची खूण केली आणि नंतर तीन इंचांचा स्प्रंग फ्लोर (पायाखाली थोडा दबणारा लवचीक फ्लोर) आला, तर हातात 39 इंचांचा बार राहतो.

खरा घोळ होतो ब्रॅकेटशी. दांडी भिंतीपासून आठ ते बारा इंच पुढे असते, त्यामुळे तिच्यावरचं वजन ब्रॅकेटला नुसतं खाली दाबत नाही, वरच्या बोल्टला भिंतीतून बाहेर ओढतं. दहा इंच पुढे 60 किलोचा भार आला आणि ब्रॅकेटच्या दोन बोल्टमध्ये चार इंचांचं अंतर असलं, तर वरच्या बोल्टवर साधारण 150 किलोची ओढ येते. जिप्सम बोर्डातला प्लग ही ओढ पेलत नाही. आधी भोक मोठं होतं, ब्रॅकेट डुगडुगतं, मग बोर्डाचा तुकडा घेऊनच बाहेर येतं. म्हणून बोर्डाच्या मागे, बारच्या उंचीवर, आठ-दहा इंच रुंद जाड लाकडी फळी एका उभ्या फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत आडवी बसवून घ्या. बोर्ड लावण्याआधी टेप धरून तिचे फोटो काढून ठेवा. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चालतो. विटांच्या भिंतीत मात्र बोल्ट गिलाव्यात नाही, विटेत धरला पाहिजे. गिलाव्याची जाडी धरून लांबी निवडा.

लाकडी दांडीला दर चार फुटांवर ब्रॅकेट द्या, टोक एक फुटापेक्षा जास्त लोंबतं ठेवू नका. दोन दांड्यांचा सांधा ब्रॅकेटवरच यावा. मधे आला तर हात तिथेच अडकतो आणि दांडी तिथेच वाकते.

दांडी दीड ते दोन इंच जाडीची, ॲश, बीच किंवा मेपलची. धातूचा पाइप वाकत नाही, पण गार लागतो आणि घामट हातातून निसटतो. लाकडाला मॅट फिनिश द्या, चकचकीत पॉलिशवर पकड राहत नाही. घासून झालं की हातावर जुना नायलॉनचा मोजा चढवून पूर्ण दांडीवरून फिरवा. जिथे धागा अडकला, तिथे कुसळ आहे. हाताने चाचपून ते सापडत नाही, वर्ग सुरू झाल्यावर मुलांच्या तळव्यात सापडतं.

आरशाच्या भिंतीवर बार शक्यतो नकोच. हवाच असेल तर ब्रॅकेट दोन आरशांच्या फटीत बसवा, काचेवर दाब येता कामा नये. नाहीतर जमिनीवरचे खांब, पण ते स्प्रंग फ्लोरवर ठोकायचे नाहीत. फ्लोरला भोक पाडून खांब खालच्या स्लॅबला धरायचा आणि भोवती फट ठेवायची. ती नसली तर फ्लोर तिथे दबत नाही, खांबाभोवती करकरतो. स्लॅबमध्ये पाण्याचे किंवा हीटिंगचे पाइप असतील तर ड्रिल लावण्याआधी त्यांचा नकाशा मागून घ्या.

बसवताना लेझर लेव्हलने एकच रेघ मारा. फ्लोरवरून प्रत्येक ब्रॅकेट वेगळं मोजलं की फ्लोरचा चढउतार दांडीत उतरतो. आधी दोन टोकांची ब्रॅकेट, मग दोरी ताणून मधली. दांडी बसल्यावर प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मधोमध दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा, मग स्वतःकडे ओढा. बोल्ट दोन आठवड्यांनी पुन्हा आवळा आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासा.