शिरोलीहून आलेला फोन आणि एक अदृश्य मोकळी जागा

सकाळी दहाला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. "तुमच्या पोराचा बॅज आलाय बघा, पण तपासणीत काय सापडंना. सेकंड शिफ्टला घ्यायचा होता."

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला हा मुलगा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्गात त्याने मोजमापाचा छोटा कोर्स पूर्ण केला होता. बॅज म्हणजे कौशल्याचा डिजिटल दाखला. त्याच्या बॅजच्या निकषात स्पष्ट लिहिलं होतं: ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (म्हणजे इतकं बारीक माप दाखवणारा) व्हर्नियर, ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर, दहा जॉब (यंत्राचे सुटे भाग) मोजायचे, त्यातले नऊ बरोबर आलेच पाहिजेत. नुसतं 'कोर्स पूर्ण केला' एवढं लिहिलेला बॅज आम्ही देत नाही. मालकाला त्यातून काहीच कळत नाही.

आधी फाइल मागवली. ती जेपीजी निघाली, तिथेच पहिला दोष कळला. आमचे बॅज 'ओपन बॅज' या खुल्या मानकाचे, त्यात चित्र हे फक्त पाकीट असतं. पीएनजी फाइलच्या आत 'ओपनबॅजेस' नावाचा मजकुराचा कप्पा असतो आणि खरी नोंद किंवा तिचा पत्ता त्यात भरलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की चित्र पुन्हा दाबून जेपीजी होतं आणि तो कप्पा गळून पडतो. चित्र जसंच्या तसं दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मुलाला तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितली. त्याहून बरा मार्ग म्हणजे थेट नोंदीची लिंक देणं. त्या दिवसापासून बॅजच्या मेलमध्ये लिंक सगळ्यात वर असते, चित्र खाली.

आता आमच्या तपासणीच्या पानावर नोंद उघडली, पण ईमेल टाकला की 'धारक जुळत नाही' असं येत होतं. हे जास्त गंभीर होतं. ओपन बॅजच्या २.० आवृत्तीच्या नोंदीत धारकाचं नाव असावंच असं नाही, ओळख बहुधा ईमेलवरूनच पटते. सीमाभागात त्याचा फायदाच होतो. आधारवर कन्नड, मार्कशीटवर इंग्रजी, घरात मराठी. एकाच मुलाच्या नावाची तीन रूपं असतात, कधी आद्याक्षर पुढे, कधी आडनाव मागे. ईमेल मात्र एकच. तो उघडा न ठेवता त्यापुढे एक शेपटी, म्हणजे सॉल्ट, जोडतात आणि एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने ६४ चिन्हांची साखळी काढतात. ईमेलमधलं एक चिन्ह जरी बदललं तरी सगळी साखळी बदलते.

म्हणून नोंदणीची एक्सेल शीट काढली. डोळ्यांना ईमेल अगदी बरोबर दिसत होता. शेजारच्या रकान्यात अक्षरं मोजणारं 'लेन' सूत्र टाकलं. हाताने मोजली तर अक्षरं २३, एक्सेल सांगत होतं २४. शेवटी एक मोकळी जागा होती. नोंदणी मुलांच्या मोबाइलवरून झाली होती. कीबोर्डवर आलेली सूचना निवडली की पुढे आपोआप स्पेस पडते, आणि काही वेळा पहिलं अक्षर कॅपिटल होतं. मेल पोहोचतो, त्यामुळे चूक लपून राहते. ३२ जणांच्या बॅचमध्ये अशा १७ नोंदी सापडल्या.

जुनी नोंद गुपचूप दुरुस्त करावी की रद्द करून नवी द्यावी, यावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. रद्द करणंच योग्य, असं आमचं ठाम मत आहे. दिलेल्या दाखल्यातला मजकूर मागून बदलला, तर उद्या कुठल्याच दाखल्यावर कुणी भरवसा ठेवणार नाही. रद्द म्हणजे पुसणं नव्हे, हे इथे सांभाळायला हवं. जुन्या पत्त्यावरची फाइल पुसली तर तपासणाऱ्याला '४०४', म्हणजे पान सापडलं नाही, असं दिसतं आणि संस्थाच बंद पडली असं वाटतं. फाइल जागेवरच ठेवायची, 'रद्द' हा शेरा मारायचा आणि कारण लिहायचं: 'धारकाच्या ईमेलमधील टंकदोष, नवी नोंद दिली आहे'.

नव्या नोंदीला नवा क्रमांक दिला, पण प्रदानाची तारीख पहिलीच ठेवली, कारण कौशल्य त्याच दिवशी सिद्ध झालं होतं. तारखेतही एक खाच आहे. वेळ मध्यरात्रीची लिहिली, तर जागतिक वेळेत ती आदल्या दिवशीची १८:३० होते आणि काही ठिकाणी बॅज एक दिवस आधीचा दिसतो. आम्ही दुपारी बारा आणि भारतीय वेळेची खूण +०५:३० असं लिहितो.

शीटमध्ये आता जादा स्पेस काढणारं 'ट्रिम' आणि सगळी अक्षरं लहान करणारं 'लोअर' ही दोन्ही सूत्रं लावलेला वेगळा रकाना आहे, साखळी त्यातूनच निघते. तपासणीच्या पानावरही टाकलेला ईमेल आधी तसाच साफ होतो. दोन्हीकडे एकच नियम हवा, नाहीतर चूक फक्त जागा बदलते.

साडेबाराला शिरोलीला लिंक पाठवली. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, "जुळलं. पाठवा त्याला." एसटीने निघालेला मुलगा तोवर निपाणी ओलांडून पुढे गेला होता.

उरलेल्या १६ पैकी १५ बॅज संध्याकाळपर्यंत नव्याने दिले. एकीने मात्र भावाचा ईमेल दिला होता. जुळणी करायची तर ती भावाशी होईल, तिच्याशी नाही. स्वतःचा ईमेल उघडायला तिला शनिवारी वर्गात बोलावलंय, तोवर तिची नवी नोंद थांबवून ठेवली आहे.