आरक्षणावर कथा लिहिताना

आरक्षणावरच्या बऱ्याच कथांचं तिसऱ्या पानावर भाषण होतं. कोण बरोबर हे लेखकानं आधीच ठरवलेलं असतं आणि समोरचं पात्र नुसतं हरायला उभं केलेलं असतं. ज्याच्यासाठी कथा लिहिली, तोच वाचक तिथं पान मिटतो.

कोल्हापुरात लिहिणाऱ्याला हा विषय मोठा मिळालाय. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात शाहू महाराजांनी संस्थानाच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना दिल्या. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून सगळे. त्यात मराठाही आला. म्हणून आज मराठा आणि ओबीसी, दोन्ही बाजू महाराजांचंच नाव घेतात, आणि कुणीच खोटं बोलत नाही. कथेतला ताण इथंच आहे. एकाला इतिहास आणि दुसऱ्याला अडाणीपणा वाटून दिला की तो संपला.

आधी कथेचा महिना ठरवा. मराठा आरक्षणाचा कायदा नोव्हेंबर २०१८ चा, सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला ५ मे २०२१ ला, १० टक्क्यांचा नवा कायदा फेब्रुवारी २०२४ चा. महिना चुकला तर नायकाचा अर्जच खोटा ठरतो.

अडीच हजार शब्दांच्या कथेला दोन पात्रं पुरतात. अभ्यासिकेत शेजारी बसणारे दोघे, नोकरीची जाहिरात एकच. एकाची जात पडताळणी अडकलीय: ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातलं ते पान वाळवीनं खाल्लंय. दुसऱ्याच्या घरची अडीच एकर, वाटण्या चार.

"तुला काय भावा, दाखला हाय."

"दाखला हाय, पडताळणी न्हाई. आन खोली दाखवायच्या आधी आडनाव इचारत्यात की, तुला इचारत्यात?"

"आमच्या बाच्या कर्जाला कुठला प्रवर्ग लावू मग?"

दोघांचंही खरं आहे, आणि कुणाच्याच तोंडी 'व्यवस्था' हा शब्द नाही. खर्ड्यात तो आला तर पात्र गप्प झालंय, लेखक बोलतोय, ओळ काढा. तुम्हाला न पटणारा सर्वांत बळकट मुद्दा सर्वांत लाघवी पात्राला द्या. हे जड जातं, पण याला दुसरा उपाय नाही. आडनावं जाधव, पवार, मोरे अशी घ्या. ती अनेक जातींत सापडतात, त्यामुळे वाचकाला पहिल्याच ओळीत बाजू धरता येत नाही.

छापण्याआधी दोन्हीकडच्या एकेकाला वाचायला द्या. आवडली का, हे विचारू नका. 'तुमच्या माणसाच्या तोंडचं कुठलं वाक्य खोटं वाटलं?' एवढंच विचारा, आणि सांगतील ते वाक्य त्यांच्याकडूनच नव्यानं बोलून घ्या.