हळकुंडाचा रंग आणि आमची वाटचाल

सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं डिझाईनचं ऑफिस आहे. हळद, बेदाणा, गूळ, मसाले यांची पाकिटं, लेबलं आणि खोकी आम्ही करतो. उत्तरेच्या खिडकीपाशी माझं ईझल असतं आणि त्यावर बहुतेक वेळा एखादं स्थिरचित्र, म्हणजे समोर वस्तू मांडून काढलेलं चित्र, चालू असतं. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "छंद आहे का?" छंद नव्हे, या चित्रांवरच आमचा धंदा उभा राहिला.

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत तांब्या, कांदे आणि मागे सोडलेलं कापड रंगवताना मला या प्रकाराची गोडी लागली. पुढे मुंबईत जे.जे.ला उपयोजित कला, म्हणजे कमर्शियल आर्ट, शिकलो. तिथल्या कलाशाळेत कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ मध्ये निघाला आणि १९५८ मध्ये त्याची वेगळी संस्था झाली. आमच्या वेळी पेंटिंगवाले आणि कमर्शियलवाले एकमेकांकडे जरा तिरकंच बघायचे. मला ते कधी पटलं नाही. चित्रकार दीनानाथ दलालांनी कॅलेंडरं केली, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली, म्हणून त्यांची रेषा कुठे उणी पडली?

सुरुवातीची वर्षं मुंबईच्या एका स्टुडिओत गेली. पोस्टर कलर, एअरब्रश, ब्रोमाइड, म्हणजे फोटोकागदावर काढलेला मजकूर आणि चित्रं, कापून रबर सोल्यूशननं चिकटवायचे, वर ट्रेसिंग लावून रंगांच्या सूचना लिहायच्या. मग गावी परतलो.

पहिलं मोठं काम हळदीच्या पाकिटाचं. व्यापारी म्हणाले, "पिवळंजर्द दिसाय पाहिजे बघा." मी त्यांच्याकडून मूठभर राजापुरी हळकुंडं मागून घेतली आणि खिडकीत ठेवून रंगवायला बसलो. सालीचा रंग मातकट पिवळा, मोडलेल्या तोंडाशी जवळजवळ नारिंगी, आणि पूड केली की आणखी निराळा. खरा धडा सावलीनं दिला. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवट, शेवाळी होतो आणि हळद जुनी, बुरसलेली वाटते. हळकुंडाची सावली तांबूस असते. म्हणून छपाईसाठी रंग वेगळे करताना आम्ही सावलीत मॅजेंटा, म्हणजे छपाईतला गुलाबी-लाल, वाढवला आणि काळा जवळपास काढूनच टाकला.

पाऊचची छपाई रोटोग्रॅव्हरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरनं, होते. प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर, आणि एक सिलिंडर बदलायचा म्हणजे खर्च मोठा. पारदर्शक फिल्मवर चित्र आतल्या बाजूनं उलटं छापतात आणि शेवटी पांढऱ्याचा थर देतात. तो थर पातळ पडला तर पुढचा पिवळा मरतो. कॅनव्हासवर पांढऱ्या अस्तराची किंमत ज्याला कळली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

कॉम्प्युटर आले, पेजमेकर आणि कोरलड्रॉसारखी सॉफ्टवेअरं आली, कामाचा वेग वाढला. चांगल्या अक्षर काढणाऱ्यांची कामं त्यात गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. नावाची अक्षरं आम्ही अजून आधी हातानं काढतो.

तासगावच्या बेदाण्याचं काम माझं सगळ्यात आवडतं. तयार फोटो विकत घ्यायला गेलं की बहुतेक कॅलिफोर्नियाचा काळपट बेदाणा मिळतो. आपला बेदाणा लांबट, हिरवट पिवळा, आणि उजेड मागून आला की आतून उजळतो. समोरून झगझगीत दिवा मारला की हे सगळं हरवतं. म्हणून खोक्यावरचं चित्र मी मागच्या उजेडात रंगवलं. गिऱ्हाइकानं आधी फोटोच मागितला होता, पण चित्र बघितल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता पाकिटावर जागा कमी आणि मजकूर जास्त. शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक, किंमत, निव्वळ वजन, आणि अंकांची उंचीसुद्धा नियमात ठरलेली. पुष्कळ डिझायनर यावर कुरकुर करतात. मी हे अंकही चित्रातल्या वस्तूंसारखेच मांडतो. त्यांना आधी जागा देतो, मग बाकीच्यांना.

आमच्याकडे नवीन मुलगा किंवा मुलगी आली की आधी माल समोर ठेवून रंगवायला सांगतो, कॉम्प्युटर नंतर. काहींना ते जुनाट वाटतं. तरी हा नियम मी बदलणार नाही.

सध्या रसायनविरहित गुळाच्या खोक्याचं काम चालू आहे. हा गूळ गडद तपकिरी असतो आणि पिवळ्या गुळाला सरावलेलं गिऱ्हाईक त्याला मळका समजेल, अशी उत्पादकांना धास्ती आहे. त्यांनी रंग थोडा उजळ करायला सांगितलं. मी ढेप फोडून आतले कण, कडेची चकाकी, सगळं आहे त्या रंगात रंगवून दाखवलं. पुढच्या आठवड्यात ते खोकं छपाईला जातंय, त्याच रंगात.