आधी माझं ऐक, मग बोल

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी विद्यार्थी कल्याण विभागात सल्लागार आहे. थकलेलं भाडं, अडकलेलं डिपॉझिट, परीक्षेची धास्ती ही रोजची कामं. काही विद्यार्थी मात्र दारापर्यंत येऊन परत फिरतात. शिकता शिकता देहविक्री करणारे, किंवा स्वतःचे फोटो-व्हिडिओ ऑनलाइन विकून फी भरणारे. स्वान्सी विद्यापीठाच्या २०१५ च्या अहवालात सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी होती आणि जवळपास ५ टक्क्यांनी असं काम कधी ना कधी केलेलं होतं. त्यात मुलगेही होते. तरीही २०२१ मध्ये डरहॅम विद्यापीठात या विद्यार्थ्यांना मदत कशी करायची याचं प्रशिक्षण ठेवलं, तर थेट उच्च शिक्षणमंत्र्यांनी जाहीर टीका केली. वाट चुकलेल्याला रस्ता सांगणं म्हणजे वाट चुकायला शिकवणं, असा काहीसा तो सूर होता. मला तो मुळीच पटत नाही.

त्या दिवशी आलेली मुलगी महाराष्ट्रातली. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत. माझं आडनाव वाचून तिने मुद्दाम माझीच वेळ घेतली होती. बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, मराठीत बोललं तर चालेल ना?" आणि भडाभडा बोलू लागली. फोटो, एक माणूस, पैसे.

मी तिला तिथेच थांबवलं. "आधी माझं ऐक, मग बोल."

हे थांबवणं या कामात सगळ्यांत महत्त्वाचं. इथे सज्ञान माणसाने स्वतः देहविक्री करणं गुन्हा नाही. पण स्टुडंट व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंतच नोकरी करता येते आणि स्वतःचा कसलाही व्यवसाय करता येत नाही. मग ते शिवणकाम असो की ऑनलाइन फोटो विकणं. विद्यापीठ तिच्या व्हिसाचं प्रायोजक असतं. व्हिसाची अट मोडल्याचं कळलं तर ते गृहखात्याला कळवणं त्याच्यावर बंधनकारक. म्हणून तिला सांगितलं, "काय काम, किती पैसे, कधीपासून, यातलं काही मला नको. धमकी काय आहे तेवढं सांग. व्हिसाचं बोलायला बाहेरचा वकील देते, त्याच्याशी मोकळेपणी बोल."

तिने फोन पुढे केला. एका माणसाने तिच्या वडिलांचा व्हॉट्सअॅप नंबर शोधून काढला होता. पाचशे पाउंड दे, नाहीतर फोटो गावात फिरतील. खाली आणखी एक ओळ होती: पोलिसांत जा, आधी तुझाच व्हिसा जाईल. या माणसाला नियम पाठ होता. खासगी फोटो पसरवायची नुसती धमकी देणंही २०२१ पासून इथे गुन्हा आहे, पण नियमाने त्याच्याच हातात कोलीत दिलं होतं, आणि याचा मला आजही संताप येतो.

आम्ही कामाला लागलो. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी थांबत नाही. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले. मग 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा उघडली. तिने स्वतःच्या फोनवर ते फोटो निवडले. फोनने प्रत्येकाचा एक सांकेतिक क्रमांक बनवला आणि फक्त तो क्रमांक फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे गेला, म्हणजे तिथे कुणी तो फोटो टाकला तर त्यांना तो ओळखून अडवता येतो. फोटो फोनबाहेर जात नाही, मलाही दिसला नाही. हे समजल्यावर तिने पहिल्यांदा पाणी प्यायलं. पोलिसांकडे जायला ती तयार नव्हती. देहविक्री करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या नॅशनल अगली मग्ज या संस्थेकडे, तिचं नाव न देता, त्या माणसाची माहिती नोंदवली.

पण व्हॉट्सअॅपच्या खासगी मेसेजवर त्या क्रमांकाचा उपयोग होत नाही, आणि तिची खरी भीती तीच होती. मी विचारलं, "घरात एक तरी माणूस आहे का, ज्याला तू आधी सांगू शकशील?" बराच वेळ गेला. मग म्हणाली, "वहिनी."

भारतात तेव्हा रात्र झाली होती. फोन स्पीकरवर होता. ती रडत रडत जेमतेम चार वाक्यं बोलली. पलीकडे शांतता. मग वहिनी म्हणाल्या, "तू जेवलीस का? बरं, पैसे अजिबात पाठवू नकोस. बाबांचा मोबाइल रिचार्जपासून सगळं मीच बघते. अनोळखी नंबर आत्ताच बंद करते. दादाला काय सांगायचं ते मी बघीन." शिव्या नाहीत, उपदेश नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका नेमका सल्ला मी क्वचित ऐकला असेल.

उरलेला तास पैशांचा. घर तारण ठेवून काढलेलं कर्ज, महागलेला पाउंड आणि तोंडावर आलेला फीचा हप्ता. विद्यापीठाच्या मदतनिधीचा अर्ज तिथेच भरला. हा निधी सरकारी नसल्याने व्हिसाला आड येत नाही, पण परदेशी मुलांना ते कुणी सांगतच नाही. हप्ता पुढे ढकलून मिळाला आणि निधीतून थोडी रक्कमही आली. ते काम ती पुढे करते की सोडते, हे मी विचारलं नाही. तो माझा प्रश्न नाही.

तो माणूस अजूनही अधूनमधून नव्या नंबरवरून मेसेज करतो. ती स्क्रीनशॉट काढते आणि ब्लॉक करते. विभागात मी मागणी लावून धरली आहे की, विद्यार्थी तोंड उघडण्याआधी त्याला काय सांगायचं, हे व्हिसा कार्यालय आणि आम्ही एकत्र बसून लिहून काढावं. सप्टेंबरची नवी तुकडी यायच्या आत ती बैठक ठरली आहे.