मांडवीवरची रात्र आणि दादाची बाटली

तुळशीची लग्नं उरकली की आमच्या कुडाळात हवा बदलते. भातं कापून झालेली असतात, मळ्यांत नुसती खुंटं उरतात आणि सकाळी धुकं खाली येऊन बसतं. अशाच एका शनिवारी मी आणि माझा पुण्याचा मित्र गाडी घेऊन डिचोलीला निघालो. तिथे माझा मावसभाऊ राहतो. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून तो सगळ्यांचाच दादा.

मित्र पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, बिअर बनवायचं काम करतो. 2009 साली पुण्यात डूलॅली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा आम्ही दोघंही पुण्यात शिकायला होतो. बिअर म्हणजे थंडगार, पिवळी आणि पटकन चढणारी, एवढीच आमची तोवरची समज. ती बदलली आणि तो त्याच धंद्यात शिरला. मी कुडाळला परत आलो, पण चव काही जिभेवरून गेली नाही.

सावंतवाडी, बांदा करत आम्ही दोडामार्गाला लागलो. मुंबई-गोवा हायवेने पत्रादेवीवरून जाता येतं, पण मला हा आतला रस्ता आवडतो. काजूच्या बागा, मधूनच दिसणारा तिळारीचा कालवा, आणि दोडामार्ग ओलांडलं की कधी गोवा सुरू झाला ते कळतसुद्धा नाही. या हद्दीला लागूनच लाटंबार्से नावाचं गाव आहे. तिथे 'माका दी' नावाची बिअर बनते. माका दी म्हणजे मला दे. आमच्या मालवणीतही माका म्हणजे मलाच. आपल्या बोलीतले दोन शब्द बाटलीवर छापलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यात चवीसाठी बनवलेली बिअर, ही लांबच्या शहरांची मिजास, असं मला वाटायचं. ती आमच्या डोंगराच्या पलीकडे शिजते!

दादाच्या ओसरीवर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. दादाने तीन बाटल्या फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवल्या होत्या. मित्राने फोनवरून तशी ताकीदच दिली होती. बर्फासारख्या थंड बिअरने जीभ बधिर होते, मग तिच्यात काय घातलंय ते कसं कळणार? आमच्या दोन बाटल्या बेल्जियन ब्लॉंश म्हणजे गव्हाच्या होत्या. तिसरी दादाने परत आत नेली. त्याला गाडी चालवायची होती.

मित्राने ग्लास तिरका धरून बिअर ओतली. तळाशी दोन बोटं बिअर राहिल्यावर बाटली हलकेच गोल फिरवली आणि मग उरलेली ओतली, म्हणजे खाली बसलेलं यीस्टही ग्लासात यावं. रंग पेजेच्या निवळीसारखा, गढूळ पिवळा. वर पांढरा जाड फेस. नाकाशी नेली आणि मला आमच्या स्वयंपाकघराचा वास आला. धणे! या जातीच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालायची जुनी बेल्जियन पद्धत आहे. भाजीच्या वाटणातले धणे वेगळे आणि हे वेगळे. इथे ते मागे उभे राहतात, घोट गिळून झाल्यावर हळूच पुढे येतात.

दादाच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, सान्नां केली होती. इडलीसारखी, पण माडाची माडी घालून आंबवलेली. मित्र एकेक सान्न मोडून आतली जाळी बघत बसला. माडीतलं यीस्ट तांदळाच्या पिठाला फुगवतं, गव्हा-बार्लीच्या रसात तेच काम दुसरं यीस्ट करतं, त्याला हे सगळं एकाच कुटुंबातलं वाटत होतं. मावशी म्हणाली, "खा रे आधी, मगे बघ." खरंच होतं ते. पोटात अन्न असलं की दारू रक्तात सावकाश उतरते.

एक बाटली आम्ही पाऊण तास पुरवली. 330 मिलिलिटर, पाच टक्क्यांची बिअर म्हणजे साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम उरकतं. म्हणजे एका बाटलीला दीड-दोन तास. हा हिशोब मी आता तोंडपाठ केलाय, आणि तो का केला ते सांगायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या मंडळींबरोबर पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका जहाजावरच्या कॅसिनोत गेलो होतो. जहाजाचं नाव लिहीत नाही. तिकिटातच खाणंपिणं होतं. खिशात पाच हजार घेऊन बसलो. टेबलापाशी ट्रे यायचा, हातातला ग्लास रिकामा झाला की दुसरा यायचा. तासाभरात तीन बिअर झाल्या. चव? एकाही घोटाची आठवण नाही. पाच हजार गेले, मी कार्ड घासलं. परत घासलं. रात्री दोन वाजता बाहेर पडलो तेव्हा बावीस हजार गेले होते. ते पैसे घराच्या गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या, चिऱ्यांसाठी बाजूला काढलेले. बायकोने चार दिवस काही विचारलं नाही, आणि मला त्या चार दिवसांचीच लाज जास्त वाटली. गडगा पुढच्या वर्षी झाला.

आमच्याकडे गणपतीत जागरणाला पत्ते असतात. लहानपणापासून खेळतोय. तिथे समोर काका-मामा असतात, हातात चहा असतो, आणि पहाटेच्या आरतीला सगळे उठतात. डाव कुठे थांबवायचा ते घरच ठरवतं. जहाजावर ते ठरवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी तिसऱ्या ग्लासात होतो.

म्हणून या वेळी पद्धत ठरवून गेलो. बिअर प्यायची ती दादाच्या ओसरीवर, जेवणासकट, चवीने. खेळताना फ्रेश लाइम सोडा. रोख चार हजार खिशात, कार्डं दादाच्या गाडीत. मनगटावर घड्याळ, आणि अकराला उठायचं.

दादाने आम्हाला पणजीला कॅसिनोच्या जेटीवर सोडलं. "तू येतलंस काय?" मी उगाच विचारलं. "म्हाका खंय सोडटात रे भितर!" तो म्हणाला. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या माणसाला गोव्यातल्या कॅसिनोत खेळायला जायची बंदी आहे. आम्ही सिंधुदुर्गातले, आम्हाला चालतं. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या संसाराची काळजी सरकारने घेतलीय आणि माझ्या संसाराची मला घ्यायची आहे, हे त्या जेटीवर उभं राहिल्यावर नीट कळलं. दादा मिरामारला त्याच्या मित्राकडे गेला.

छोट्या बोटीतून जहाजाकडे जाताना मांडवीचं पाणी दिव्यांनी रंगीत झालं होतं. मागे जुन्या सचिवालयाची पांढरी भिंत. हा प्रवास पाच मिनिटांचा, पण मला तो नेहमी आवडतो. आत ओळखपत्र दाखवायचं, एकवीस पूर्ण नसतील तर परत पाठवतात. तिकिटाबरोबर काही ओटीपी, म्हणजे 'वन टाइम प्ले', चिप्स मिळाल्या. त्या फक्त खेळायच्या, त्यांचे रोख पैसे होत नाहीत. वर घड्याळ कुठे दिसलं नाही, खिडकीही नाही.

मी रुलेटला बसलो. चाकावर 37 घरं, शून्य ते 36. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर पस्तीस पट मिळतात. घरं सदतीस, त्यामुळे दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे जहाजाचे. हा टक्का प्यायलेल्यालाही तोच आणि न प्यायलेल्यालाही तोच. बदलतो तो आपला हात. तासाला चाळीस डाव, प्रत्येकी शंभर रुपये, म्हणजे चार हजार फिरले आणि सरासरी 108 रुपये गेले. तोच माणूस तिसऱ्या ग्लासानंतर डावाला दोन हजार लावायला लागतो, तेव्हा तासाला ऐंशी हजार फिरतात आणि सरासरी तोटा 2,160 होतो. ही नुसती सरासरी. नशीब फिरलं तर वीस मिनिटांत सगळं जातं.

ट्रे आला. मी सोडा मागितला. वाढणाऱ्या मुलाने सहज मान हलवली आणि आणून दिला. एवढं सोपं होतं ते.

माझ्या डावीकडे बेळगावचा एक तरुण बसला होता, मराठीच बोलत होता. त्याच्या कोपराशी बिअरचा पिंट, थोड्या थोड्या वेळाने नवा. आधी तो चिप्स नीट चौकटीत ठेवायचा. मग रेषेवर. मग हात वाकडा जायला लागला आणि 17च्या जागी 20वर पडल्या. टेबलवालीने विचारलं तर तो तिच्यावरच ओरडला. मी त्याला म्हटलं, "दादा, जरा वर डेकवर जाऊया, वारं छान आहे." तो आला नाही. पाकीट काढलं. कार्ड बाहेर येताना त्यात बाळाचा फोटो दिसला, आणि मला तिथे बसवेना. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी तेव्हापासून फोनमध्ये ठेवलाय. पुढच्या वेळी निदान द्यायला तरी जवळ असेल.

मित्र अंदर-बाहर या पत्त्यांच्या डावात आठशे जिंकला होता. मी अठराशे हरलो होतो. अकराला पाच कमी असताना आम्ही दोघंही उठलो.

दादा जेटीवर गाडीला टेकून उभा होता. रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम ही गाडी चालवणाऱ्याची कायद्याची हद्द. आमची संध्याकाळची एक बाटली एव्हाना जिरली असेल, पण दादाने किल्ली कोणाला दिली नाही. मांडवीचा पूल, मग अंधारी वळणं, आणि डिचोलीला घराच्या ओसरीवर तेवढा दिवा.

मावशी झोपली होती. दादाने हातपाय धुतले, आत जाऊन आपली बाटली आणली, ओसरीच्या कठड्यावर ठेवली आणि पंधरा मिनिटं तशीच राहू दिली. आम्ही दोघं सोलकढी घेऊन त्याच्यासमोर बसलो. मग त्याने ग्लास तिरका धरला, शेवटची दोन बोटं गोल फिरवली, ओतली आणि नाकाशी नेली.

"धणे," दादा म्हणाला.