मायटर सॉ नंतर शेवटी पायाची कटिंग मशीन घेतली

भाऊ लोक, फोटो फ्रेमच्या पट्ट्या कापायची मशीन बघून राहिलो म्हणून सांगितलं होतं ना, तर घेतली एकदाची. पायाने दाबायची गिलोटिन, सेकंडहँड, नागपूरवरून. काउन घेतली ते नीट लिहितो, कारण पहिली खरेदी मी कोणाला न विचारता केली होती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी कापूस ठेवायची खोली रिकामी होती तिथेच टेबल मांडलं. ऑर्डरी म्हणजे गजानन महाराज, तुकडोजी महाराज, बाबासाहेब, लग्नाचे फोटो, आणि सगळ्यात घाईचा म्हणजे तेरवीचा फोटो. तेरवीची तारीख काही पुढे सरकत नाही बाप्पा, फोटो आज येते आणि उद्या हार घालायचा असतो.

पहिले मी १० इंची मायटर सॉ, म्हणजे तिरपा कट मारायची विजेवरची करवत, घेतली होती, सोबत आलेलं ब्लेड ४० दातांचं. सागाच्या पट्टीला ते चालून जाते पण सोनेरी फायबर पट्टीचा रंग कडेला टवके टवके निघायचा. मग १०० दातांचं टाकलं, सागाचा कट असा आला की बोट फिरवलं तर काचेसारखा लागते. पण आपण जिला फायबर म्हणतो ती बहुतेक पॉलिस्टायरिन असते, म्हणजे प्लास्टिकच, ब्लेड फुल स्पीडने घासलं की गरम होऊन वितळते, दाताला चिकटते, कटाच्या कडेला दोऱ्यासारखी गुठळी राहते आणि ती कटरने खरवडत बसा. आणि माझं जास्त काम फायबरचंच.

दुसरं म्हणजे लाइट. रब्बीत शेतातले पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडते, सॉचा आवाज बसतो, ब्लेड पट्टीत अडखळते, तेवढ्यात पट्टी केसभर सरकली की अँगल गेला. हे केसभर किती महागात पडते ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. एका फ्रेमला ८ कट, चार तुकड्यांची दोन-दोन टोकं, प्रत्येक ४५ डिग्रीत. प्रत्येक कट एकाच बाजूला अर्धा डिग्री चुकला तर तीन कोपरे ओढूनताणून बसतात आणि चौथ्यावर ४ डिग्री जमा होतात, २ इंची पट्टीवर फट जवळपास ५ मिलिमीटर उघडते. पुट्टी भरून ते लपत नाही.

गिलोटिनमध्ये मला आवडलं ते हेच. दोन ब्लेड एकमेकांशी काटकोनात बसवलेले, त्यामुळे गाइड, म्हणजे पट्टी टेकवायची आडवी कड, थोडी हलली तरी एक टोक ४४.५ डिग्री होईल आणि दुसरं ४५.५, बेरीज ९०च. कोपरा काटकोनातच बसते, फक्त बाहेरच्या टोकाला थोडा उंचसखलपणा येते, तो पॉलिशपेपरने जाते.

घ्यायला जाताना स्वतःच्या पट्ट्या घेऊन गेलो, १ इंची फायबर, २ इंची फायबर, साग. पहिल्या ठिकाणी दुकानदाराने त्याचीच बारीक पट्टी कापून दाखवली, मस्त. माझी २ इंची लावली तर मागची कड तडकली. ब्लेड उजेडात धरून पाहिलं, डाव्याच्या टोकाला खाच होती. धार लावली की होईल म्हणाला, पण दोन्ही ब्लेड जोडीने एकसारखे घासावे लागतात, नाहीतर दोघांचं जमत नाही, म्हणून सोडून दिली. दुसरीकडची मशीन रंग उडालेली होती, पण वरचा भाग दोन्ही हातांनी धरून हलवला तर जराही खुटखुट नाही. चार तुकडे कापले, समोरासमोरच्या जोड्या चिकटवून उभ्या केल्या, नख फिरवून पाहिलं, काटकोन पाहायला गुण्याला लावलं. तिथेच पैसे दिले.

रुंद पट्टी एका दमात कापायची नाही. घास घास घ्यायचा, पहिला मोठा, मग लहान, शेवटचा कागदाएवढा पातळ, त्या शेवटच्या घासानेच कड साफ येते. थंडीत सकाळी पट्टी कडक असते, तेव्हा घास अजून लहान. साग मात्र यावर नको, १ इंचीलाही पाच-सहा घास लागतात, पाय भरून येते आणि रेषा चेपल्यासारखी दिसते. म्हणून सॉ विकली नाही, सागासाठी ठेवली.

हिशोबाचं एक, नवीन लोकांसाठी. फोटोची चारही बाजू अधिक पट्टीच्या रुंदीच्या ८ पट. १२ बाय १८ ला १ इंची पट्टी म्हणजे ६० अधिक ८, ६८ इंच. १० फुटी पट्टीतून ५२ उरते, त्यात ८ बाय १० ची ४४ इंचाची फ्रेम निघते, म्हणून मी दोन्ही मापं सोबतच कापतो. फोटोला आत सुटसुटीत बसायला ३ मिलिमीटर जास्त धरतो.

काच आणि माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, अजून हातानेच कापतो. परवा संध्याकाळी लाइट गेली होती आणि तेरवीचा एक फोटो आला, आजोबांचा, शेतात काढलेला, डोक्यावर टोपी. बॅटरी टांगून चारही तुकडे कापले, कोपरे चिकटवून रात्रभर पट्ट्याने आवळून ठेवले, सकाळी त्यांचा नातू येऊन घेऊन गेला. आता कोपऱ्यात खालून व्ही-नेल, म्हणजे व्ही आकाराचे खिळे, मारायची मशीन बघून राहिलो, ७ आणि १० मिलिमीटर दोन्ही नेल चालणारी. कोणी फायबरवर वापरत असाल तर नेल वर फुटून येते का तेवढं सांगा.