बेंडिगो ते ग्वेनॅप: सासऱ्यांच्या पणजोबांचा माग

माझे सासरे ऑस्ट्रेलियातील बेंडिगोचे. त्यांचे पणजोबा १८५० च्या दशकात सोन्याच्या ओढीने इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील कॉर्नवॉलहून आले, एवढेच घरात ठाऊक होते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्यांचे गाव शोधायला निघालो. पण असा शोध घेणाऱ्याने तिकिटे काढण्याआधी माणूस जिथे वारला तिथला मृत्यूदाखला मागवावा, असे मी आग्रहाने सांगेन. इंग्लंडच्या त्या काळातील मृत्यूदाखल्यावर आईवडिलांची नावे नसत, बेंडिगो ज्यात येते त्या व्हिक्टोरियात मात्र १८५३ पासून आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थान आणि वसाहतीत काढलेली वर्षेसुद्धा नोंदवत. अर्थात माहिती देणारा मुलगा किंवा शेजारी असे, त्यामुळे चुका गृहीत धरूनच वाचावे.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून कॉर्नवॉलमधल्या रेडरूथला सुमारे पाच तासांत पोहोचता येते. तेथे जुन्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या जागी २०१९ मध्ये उघडलेले ‘क्रेसेन केर्नो’ हे अभिलेखागार आहे. ते रोज उघडे नसते, हे आम्ही बंद दारासमोर उभे राहून शिकलो, चूक आमचीच. कागदपत्रे आधी नोंदवून ठेवावीत आणि सोबत शिसपेन्सिल न्यावी, कारण अशा ठिकाणी शाई चालत नाही.

इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासूनची असल्याने त्याआधीची सारी भिस्त चर्चच्या नोंदवह्यांवर असते. रेडरूथजवळच्या ग्वेनॅप गावाच्या वहीत एकाच नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे निघाले आणि दोघांचेही वडील खाणकामगार! बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यांत आईचे माहेर नसते, म्हणून बेंडिगोच्या दाखल्यावरील आडनाव घेऊन आम्ही विवाहाची वही उलगडली, तेव्हा कुठे आपला मुलगा कोणता ते ठरले. पणजोबांच्या वडिलांचे वय १८४१ च्या जनगणनेत तीस आणि १८५१ मध्ये चव्वेचाळीस दिसल्याने सासरे जरा खट्टू झाले; परंतु १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील बहुतेकांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, त्यामुळे असा फरक पाहून खरा माणूस वगळू नये. पूर्वज मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे असल्यास त्यांच्या वेगळ्या नोंदवह्याही पाहाव्यात.

गावातल्या दफनभूमीकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण गरीब खाणकामगारांच्या थडग्यांवर क्वचितच दगड असे. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली जिथे प्रवचने देत, तो ग्वेनॅपचा पायऱ्यापायऱ्यांचा गोल खड्डा मात्र जरूर पाहावा. सासरे तिथे फार वेळ रमले नाहीत. त्यांना पुन्हा अभिलेखागारात जाऊन, विवाहाच्या नोंदीखाली सहीच्या जागी वधूने काढलेली ती किंचित तिरकी फुली एकदा पाहायची होती.